ब्लेझर काढून मॅटवर

अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. स्पर्धा झाल्या, पदकं आली, पंचांची शिबिरं पार पडली. तपशील अहवालात छापला आहे, तो वाचावा. प्रस्तुत वक्त्याच्या मनात बरीच वर्षं एक गोष्ट सलते आहे, तिला आज वाट करून द्यायची आहे. परदेशात ज्युदो शिकवायला जाणारे आपले प्रशिक्षक मॅटवर उतरत नाहीत.

ब्लेझर घालून कडेला उभे राहतात, शिट्टी वाजवतात, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटून फोटो काढतात. परत आले की चौकात फ्लेक्स लागतो. तिथल्या खेळाडूंशी पाच मिनिटं तरी रांदोरी, म्हणजे मोकळ्या लढतीचा सराव, केली का, असं विचारलं की गुडघा पुढे करतात.

याउलट परदेशी गेलेले जपानी शिक्षक पाहा. गुंजी कोइझुमी १९०६ साली ब्रिटनमध्ये पोचले. पोटापाण्यासाठी त्यांनी रोगणकामाच्या पौर्वात्य वस्तूंचा व्यापार केला आणि १९१८ मध्ये लंडनला ‘बुदोक्वाई’ हा क्लब काढला. तिथे शिकवणारे युकिओ तानी त्याआधी म्युझिक हॉलच्या रंगमंचावर येईल त्याचं आव्हान घेत. दोघेही जुन्या जुजुत्सूत मुरलेले. १९२० मध्ये ज्युदोचे जनक जिगोरो कानो लंडनला आले, तेव्हा या दोघांनी कानोंच्या कोदोकान शाळेची पद्धत पत्करली आणि त्यांच्याकडून दुसरा डॅन (काळ्या पट्ट्याची श्रेणी) घेतला. दुसराच! तोही स्वतःच्या क्लबाचे गुरू असताना. आपल्याकडे आठवडाभर बाहेर राहून आलेला माणूस निमंत्रणपत्रिकेवर दोन डॅन वाढवून घेतो.

ज्युदोचे जपानी शिक्षक शिंझो ताकागाकी १९२९ साली रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून शांतिनिकेतनात आले. मुलांबरोबर मुलींनाही त्यांनी ज्युदो शिकवलं. त्या काळच्या भारतात मुलीला पाठीवर पडायला आणि हाताने मॅट ठोकायला शिकवायचं, तर शिक्षकाला आधी स्वतः पडून दाखवावं लागतं. कडेला उभं राहून ते जमत नाही.

आपल्या मंडळींत एक वाद जुना आहे. परक्यांना शिकवताना हातचं राखावं की नाही? वस्ताद एक डाव राखून ठेवतो, हा दाखला ठरलेला. सकाळच्या चर्चासत्रातही तो आला. प्रस्तुत वक्त्यापुरता हा वाद जर्मनीतल्या एका लहान गावात मिटला.

शाळेच्या व्यायामशाळेत संध्याकाळचा वर्ग होता. तिथे एक जॉर्जियन होता, दिवसा ट्रक चालवणारा. त्याच्या देशात चिदाओबा नावाची कुस्ती चालते आणि तिची पकड तिथले खेळाडू ज्युदोत आणतात. त्याने उजवा हात खांद्यावरून पाठीवर टाकला, थेट पट्टा धरला, छातीला छाती लावून उचललं आणि भारतातून आलेले पाहुणे प्रशिक्षक, म्हणजे प्रस्तुत वक्ताच, मॅटवर आडवे. वर्ग क्षणभर गप्प. पाहुण्यांनी उठून पुन्हा तीच पकड मागितली, पुन्हा पडले. तिसऱ्या वेळी पट्ट्याकडे येणारा तो हात वरच अडवून धोबीपछाड मारली. मग काय, तो गडी हटेचना! पाय कुठे, कंबर किती खाली, सगळं खोदून खोदून विचारलं. दुसऱ्या दिवशी त्याने आणखी दोघांना आणलं. ती पट्ट्याची पकड आज पुण्यातली आमची पोरं मारतात. हातचं राखलं असतं तर ती मिळाली असती का?

‘पण शिकवलेलेच आपल्याला हरवतील’, ही भीती उरते. हरवतील ना! जपानी शिक्षक हाकू मिचिगामी फ्रान्सला गेले, बोर्दोत स्थायिक झाले आणि डच खेळाडूंनाही शिकवू लागले. त्यांचा डच शिष्य अँटन गेसिंक जपानला जाऊन सरावला, १९६१ मध्ये पॅरिसला जगज्जेता झाला. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकात, बुदोकानमध्ये, जपानी प्रेक्षकांसमोर त्याने अकिओ कामिनागाला केसागातामे या पकडीत दाबून धरलं आणि खुल्या गटाचं सुवर्ण नेलं. डच पाठीराखे मॅटकडे धावले, तेव्हा गेसिंकने हात उंचावून त्यांना तिथेच थोपवलं. हे वळणही शिकवण्यातलंच. जपानला तो पराभव फार लागला. पण ज्युदो एकट्या जपानचं राहिलं नाही, हे सगळ्या जगाला त्या दिवशी दिसलं.

परदेशी जाऊन मॅटवर उतरण्याचं आपल्या मातीतलं उदाहरणही आहेच. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले आणि मातीचा हा मल्ल तिथे मॅटवर सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीत कांस्यपदक. ते बाहेर गेले ते लढायला आणि शिकायला.

परदेशी पाठवायच्या प्रशिक्षकांसाठी काही नियम करावेत, तिथून काय शिकून आले याची नोंद ठेवावी, असा विचार आहे. रूपरेषा कार्यकारिणी ठरवील; सूचना सचिवांकडे द्याव्यात.

जिल्हा संघटनांना मात्र आजच एक विनंती. येत्या वर्षी बाहेर पाठवायच्या प्रशिक्षकांची यादी कराल, तेव्हा ज्याने गेल्या सहा महिन्यांत आपल्याच पोरांबरोबर एकदाही रांदोरी केलेली नाही, त्याचं नाव कितीही ज्येष्ठ असलं तरी पाठवू नका.