सिगार, ओल आणि कडता

(१९९६ च्या एसएसएलसी तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं "सॉफ्टवेअर क्षेत्रातील अनुभव" असं छापलंय. संयोजकांची माफी मागते. त्या विषयावर बोलले तर पाचव्या मिनिटाला मागच्या बाकावरचे तेव्हासारखेच झोपतील. आज मी सिगारबद्दल बोलणार आहे. क्युबन सिगार. बाई, दचकू नका, मी ओढत नाही आणि कुणी ओढावी असंही सांगायला उभी नाही. पण आपण निपाणीची पोरं. तंबाखूचा खकाणा नाकात घेऊनच पाढे पाठ केले. सुगीत वारा वखारींकडून आला की अख्खा वर्ग शिंकायचा आणि प्रार्थना मध्येच थांबायची, हे कुणाला आठवत नाही?

तर प्रश्न असा, की क्युबन सिगारची पेटी घरी आली की लगेच ओढायला घ्यावी, का काही आठवडे तशीच ठेवावी? ओढणाऱ्यांत यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो, एवढे पैसे मोजून वाट कसली बघायची? दुसरा म्हणतो, प्रवासानं माल बिघडतो, त्याला महिनाभर विसावा हवा. हा वाद माझ्या गळ्यात कसा पडला ते सांगते.

मी जर्मनीत असते. सेन्सरकडून येणारे आकडे वाचणारं सॉफ्टवेअर आमचा गट बनवतो. २०२४ च्या जानेवारीत आमचे साहेब निवृत्त झाले. निरोपाला सगळ्यांनी वर्गणी काढली आणि खरेदीची जबाबदारी माझ्यावर आली, कारण मी तंबाखूच्या गावची! मी दहा सिगारची पेटी मागवली. पार्टागास, सेरिए डी नंबर ४. हवानातलं हे घराणं १८४५ पासूनचं. पेटी बुधवारी आली. बाहेर बर्फ, पार्सल रात्रभर गाडीत पडलेलं. मी उत्साहानं लगेच उघडली, नीट बघितली आणि शुक्रवारी साहेबांच्या हातात दिली. त्यांनी तिथंच गच्चीवर तिघांत तीन पेटवल्या.

तिन्ही विझल्या. परत पेटवल्या, परत विझल्या. ओढायला जोर लागत होता आणि एकीचं वरचं पान तडकून उलगडलं. साहेब सज्जन माणूस, पण हळूच म्हणाले, "खात्रीच्या दुकानातून घेतल्या होत्यास ना?" क्युबन सिगारमध्ये नकली माल फार चालतो. म्हणजे वर्गणी सगळ्यांची आणि फसलेली मी एकटी. उरलेल्या सात सिगार मी त्यांच्याकडून मागून घेतल्या. म्हटलं, तपासून परत देते.

तेव्हा अण्णा माझ्याकडं आले होते. आई गेल्यानंतरचा तो पहिला हिवाळा. काहींना माहीत असेल, अण्णा तीस वर्षं एका वखारीत दिवाणजी होते. माझ्याकडं येऊन दीड महिना झाला होता, पण बोलायचे जेमतेम. खिडकीतून बर्फ बघत बसायचे. मी पेटी टेबलावर ठेवली तसे उठून आले. एक सिगार उचलली, कानाशी धरून बोटांनी अलगद दाबली, हुंगली, तळहातावर तोलली आणि म्हणाले, "माल खोटा नाही गं. वला आहे."

खरंखोटं तपासायच्या खुणा मी तोवर शोधल्या होत्या. पेटीवर क्युबन सरकारची हिरवी हमीपट्टी होती. तळाला "हाताने बनवलेली" असं स्पॅनिशमध्ये डागलेलं होतं. शेजारी ए, जी, ओ ही अक्षरं आणि २३ हा आकडा. आगोस्तो म्हणजे ऑगस्ट. ऑगस्ट २०२३ मध्ये पेटी भरली, म्हणजे माल पाच महिन्यांचाच होता. अण्णांनी यातलं काहीही वाचलं नव्हतं.

आता जरा शिकवते, सर, चुकलं तर थांबवा. सिगार म्हणजे कागदात भरलेला चुरा नव्हे. आत लांब पानांच्या घड्या, त्यावर बांधणीचं पान आणि सगळ्यात वर एक पातळ, देखणं पान. क्युबात पिनार देल रिओ प्रांतात व्हुएल्ता आबाखो म्हणून भाग आहे, तिथला तंबाखू सर्वांत नावाजलेला. पानं छपरांत टांगून वाळवतात, मग ढीग रचून आंबवतात. त्यात अमोनिया सुटतो. वळताना पान मऊ लागतं, म्हणून ते पुन्हा ओलवावं लागतं. वळून झालेली सिगार मग लाकडी कपाटांत ठेवून ती ओल उतरवतात. या लाकडाला सिडार म्हणतात, पण तो आपला देवदार नव्हे. हे झाड कडुनिंबाच्या कुळातलं.

एवढं करून माल जहाजावर चढतो. तंबाखूतला किडा मरावा म्हणून निर्यातीआधी पेट्या गोठवतात. मग गोदाम, दुकान, पार्सलची गाडी. प्रत्येक ठिकाणची हवा वेगळी आणि तंबाखूचं पान हवेसारखं वागतं. हवा दमट असली की पाणी घेतं, कोरडी असली की सोडतं. पण हे सगळं बाहेरून आत चालतं. वरचं पान काही तासांत बदलतं, पोटातल्या घड्यांना आठवडे लागतात. जाडी दुप्पट झाली तर वेळ साधारण चौपट, हे गणित आपल्याला नंतर कॉलेजात शिकवलं, तेच इथं लागू. म्हणून बारीक सिगार लवकर स्थिरावते आणि आमच्यासारखी जाड उशिरा. वरून कोरडी, आतून ओली अशी सिगार पेटवली की आतली पानं फुगतात, वरचं ताणलं जातं आणि तडकतं. गार पेटी मी उबदार खोलीत लगेच उघडली हा माझाही गाढवपणा. फ्रीजमधल्या तांब्यावर दव धरतं तसं पानांवर धरलं असणार. पेटी अर्धा दिवस न उघडता खोलीत ठेवायला हवी होती.

पण हा झाला तर्क. साहेबांना पुरावा हवा होता आणि मलाही. सोनाराकडं असतो तसा ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा आणला. आर्द्रता मोजायचं यंत्र खरं बोलतं का, ते आधी तपासलं. त्याची युक्ती फार स्वस्त आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, चिखल होईल एवढंच पाणी घालायचं आणि यंत्रासकट हवाबंद डब्यात ठेवायचं. डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, दुसरीकडं कुठं जात नाही. माझं यंत्र ७१ दाखवत होतं. म्हणजे आधी यंत्राचाच कान धरावा लागला.

मग सातही सिगार वेगवेगळ्या तोलल्या. हाताच्या वळणीच्या, सातांची वजनं सात. दोन हवाबंद पिशवीत घालून जशा आल्या तशाच ठेवल्या. पाच पेटीत ठेवल्या आणि सोबत आर्द्रता ६५ टक्के राखणारी पुडी टाकली. रोज संध्याकाळी सातला तोलायचं. दुसऱ्या दिवसापासून ते काम अण्णांनी घेतलं. चष्मा लावायचे, वहीत रेघा मारायचे आणि आकडे मोत्यासारख्या अक्षरात. दीड महिना गप्प असलेला माणूस सात वाजायची वाट बघू लागला.

पेटीतली एक सिगार ११.९२ ग्रॅमवरून उतरत चौथ्या आठवड्यात ११.६४ वर आली. पहिल्या आठवड्यात घट भराभर, मग मंद, शेवटचे सहा दिवस काटा हललाच नाही. बाकीच्या चारही तशाच. पिशवीतल्या दोन जागच्या जागी. पाव ग्रॅम पाणी, तेवढंच. पण तेवढ्यानं सिगार विझते.

महिन्यानं साहेबांना आणि आणखी एका सहकाऱ्याला बोलावलं. प्रत्येकाला दोन-दोन दिल्या, एक पिशवीतली, एक पेटीतली. कुठली कुठली ते सांगितलं नाही. पेटीतल्या दोन्ही सरळ, एकसारख्या शेवटपर्यंत जळल्या. पिशवीतल्या विझत राहिल्या. हे दोघांनीही न चुकता ओळखलं. पण चव? साहेब म्हणाले, घशाला लागणारा उग्रपणा दोन्हींत सारखाच. म्हणजे महिन्याच्या विसाव्यानं ओल जागेवर येते, कोवळेपणा जात नाही. विसावा आणि मुरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक भांडतात ते त्या एक समजून. एकाला आठवडे लागतात आणि तो काट्यावर दिसतो. दुसऱ्याला वर्षं लागतात आणि तो ज्याच्या-त्याच्या जिभेवर. कैरीच्या फोडीत मीठ शिरणं वेगळं आणि लोणचं मुरणं वेगळं. दोन माणसांच्या चार सिगारवरून मी कायदा करणार नाही, पण दुकान कोपऱ्यावर असेल आणि माल तिथं नीट ठेवलेला असेल तर थांबायचं काही कारण मला दिसत नाही. हिवाळ्यातून पार्सलनं आली असेल तर महिनाभर हात लावू नका.

साहेबांचं समाधान झालं. माझी गोष्ट मात्र तिथं संपली नाही, आणि खरं तर तेवढ्यासाठीच मी हा विषय घेतला.

एका संध्याकाळी वही मिटून अण्णा म्हणाले, "पाव ग्रॅमला तू एवढं जपतेस. आम्ही पोत्यामागं किलो-किलो खाल्ला."

मी विचारलं, म्हणजे? त्यांनी सांगितलं. शेतकरी माल घेऊन आला की ओल किती ते मालक ठरवणार आणि तेवढा कडता वजनातून कापणार. माल वला असेल तर ते बरोबरच. पण अण्णांच्या हाताला कळायचं. पान चुरचुरीत वाळलेलं असायचं आणि मालक कडता सांगायचे ओल्या मालाचा. अण्णा पट्टीवर तोच लिहायचे. "हात सांगायचा कोरडा, लेखणी लिहायची वला," असं म्हणाले. ८१ साली शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला, गोळीबार झाला, माणसं गेली. आपण तेव्हा पाळण्यात होतो. त्यानंतरही त्यांच्या लेखणीत फरक पडला नाही. नोकरी होती, माझी फी होती.

मग त्यांनी एक नाव घेतलं. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या वडिलांचं. ती आज इथं आहे, मी तिला आधी विचारून मगच बोलतेय. ९५ साली तिच्या घरचा सगळा माल अण्णांच्या वखारीत आला होता आणि कडता कापून हातात आलं त्यात उसनवारीही फिटली नाही. मी पुढं कॉलेजला गेले. ती एसएसएलसीनंतर आईबरोबर वखारीत तंबाखू चाळायला गेली. पहिल्या पाचांत होती ती, बाई, तुम्हाला आठवत असेल.

हवानाच्या कारखान्यांत एक पद्धत आहे. १८६५ पासून कामगार सिगार वळत बसतात आणि एक वाचक उंच जागेवर बसून त्यांना वर्तमानपत्रं, कादंबऱ्या वाचून दाखवतो. मॉन्टेक्रिस्टो हे सिगारचं नाव दुमासच्या कादंबरीवरून आलं ते त्यातूनच, असं सांगतात. हे मी तिला काल सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "आमच्यात तोंडाला फडकं बांधलेलं असायचं, खोकल्यात कुणाचं काय ऐकू येणार?"

अण्णांना मी विचारलं, हे मेळाव्यात बोलू का? दोन दिवस त्यांनी उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "बोल. पण आकड्यासकट बोल." आकडा त्यांच्याजवळ आहे. जुन्या वहीत त्या पट्टीची नक्कल त्यांनी ठेवली होती. का ठेवली, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. एकशेचाळीस किलो जास्तीचा कडता. मी तो इथं फळ्यावर लिहिणार नाही, ज्यांचा आहे त्यांना कळवलाय.

अण्णा आता परत निपाणीत आहेत, इथून दोन गल्ल्या पलीकडं. दमामुळं या सभागृहाच्या पायऱ्या त्यांना चढवत नाहीत, नाहीतर ते स्वतः आले असते. उरलेल्या तीन सिगार साहेबांनी माझ्याकडंच ठेवल्यात. दोन वर्षांनी उघडू म्हणाले होते, ती मुदत पुढच्या महिन्यात भरते. अण्णा फोनवर अजून वजन विचारतात.

माझ्या मैत्रिणीचे वडील आज संध्याकाळी पाचला आमच्याकडं चहाला येणार आहेत. येतो म्हणालेत. त्यामुळं दुपारच्या अंताक्षरीत मी नसेन. घरी जाऊन अण्णांची वही शोधून ठेवायची आहे.