कप्तानाची पंगत उठली



जर्मनीत झेडडीएफ या वाहिनीवर १९८१ पासून एक मालिका चालू आहे. नाव ‘दास ट्राउमशिफ’, म्हणजे स्वप्नातलं जहाज. गोष्टी साध्याच असतात. कुणाचं जुनं प्रेम भेटतं, कुणाचा मोडकळीला आलेला संसार सावरतो. शेवट मात्र ठरलेला: कप्तानाची मेजवानी. दिवे मंद होतात, फुलबाज्या खोचलेला आइस्क्रीमचा केक उंच धरून वाढपी रांगेनं आत शिरतात आणि सुटाबुटातले, लांब झग्यातले प्रवासी टाळ्यांचा ठेका धरतात. बोटीची सहल म्हणजे हे असं, हे जर्मन मनात पक्कं बसलं. बघायला झकास, पण परवडणार कुणाला? आणि परवडलं, तरी सुट्टीतही गळ्याला टाय कोण आवळून घेणार?

या मालिकेत काही काळ ‘आस्टोर’ नावाचं जहाज झळकत होतं. ते हात बदलत बदलत १९८५ मध्ये पोहोचलं कुठे, तर चक्क पूर्व जर्मनीत! पश्चिमेच्या पडद्यावरचं स्वप्न साम्यवादी राजवटीनं विकत घेतलं, त्याचं नाव ‘आर्कोना’ ठेवलं आणि कामगार संघटनेमार्फत त्यावरच्या सहली वाटल्या. त्यांच्याकडच्या आधीच्या एका जहाजाचा इतिहास तर याहून नाट्यमय. १९५६ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ ‘आंद्रेआ दोरिया’ या इटालियन जहाजाला धडकलेलं स्वीडिश ‘स्टॉकहोम’, तेच पुढे पूर्व जर्मनीत कामगारांना सहलीला नेऊ लागलं. जागा मिळवायची तर नुसतं चोख काम पुरत नसे, निष्ठाही तपासली जाई. आणि एवढं पारखून घेतलेल्यांपैकीही काहींनी भर समुद्रात उड्या टाकून पश्चिम गाठली!

ही जहाजं चालवणारी कंपनी रोस्टोक बंदरातली. दोन्ही जर्मनी एक झाल्या, सरकारी उद्योग विक्रीला निघाले आणि १९९३ मध्ये ही कंपनी होर्स्ट राहे आणि निकोलाउस श्युस या उद्योजकांच्या हाती आली. हॉटेलच्या आवारातच खेळ, नाचगाणी, खाणंपिणं अशा क्लब-सुट्टीची जर्मनांना तोवर चांगलीच गोडी लागली होती. तोच क्लब समुद्रावर का न्यायचा नाही, असा विचार झाला. फिनलंडमधल्या तुर्कूच्या गोदीत जहाज बांधून घेतलं आणि १९९६ मध्ये ‘आइडा’ पाण्यावर आलं. रोस्टोकचेच चित्रकार फेलिक्स ब्युटनर यांनी त्याच्या नाळेवर लालभडक ओठ रंगवले आणि बाजूंवर मोठाले डोळे काढले. लांबून येणारं जहाज तुमचा मुका घ्यायलाच निघालंय असं वाटावं! रुबाबदार जहाजांची सवय असलेल्यांना हे थिल्लर वाटलं असेल. मला विचाराल तर खरी जाहिरात तीच होती. इथे कुणी तुमचे कपडे बघणार नाही, हे बंदरावरूनच कळत होतं.

कपड्यांचा नियम नाही, जेवणाची नेमून दिलेली जागा नाही, कप्तानाची मेजवानी नाही. जेवणाच्या दालनात जायचं, ताट उचलायचं, हवं ते हवं तितकं वाढून घ्यायचं आणि लांब टेबलावर रिकामी खुर्ची दिसेल तिथे बसायचं. शेजारी कारखान्याचा मालक बसलाय की बसचा ड्रायव्हर, हे सांगायला अंगावर टी-शर्टाशिवाय काही नाही. जेवताना बिअर आणि वाइन टेबलावर तयार, त्यांचे वेगळे पैसे नाहीत. आपल्या मंडळींची पंचाईत होईल ती सौनात. तिथे बायका-पुरुष एकत्र आणि अंगावर कपडा नाही. जर्मनांना त्यात काही वावगं वाटत नाही. पोहण्याच्या तलावाकाठची आरामखुर्ची मात्र ते पहाटेच टॉवेल टाकून अडवतात. समता तेवढ्यापुरती थांबते.

एवढं करूनही सुरुवातीला पैशाचं गणित जमेना. पुढच्याच वर्षी जहाज एका नॉर्वेजियन कंपनीला विकून तेच भाड्यानं चालवायची पाळी आली. मग इंग्रजांची पी अँड ओ आली आणि २००३ पासून मालकी अमेरिकेच्या कार्निव्हल समूहाची. तेव्हा कुठे ताफा वाढला. २०१८ च्या ‘आइडानोव्हा’वर पाच हजारांहून अधिक प्रवासी मावतात, आणि केवळ द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालू शकणारं ते जगातलं पहिलं प्रवासी जहाज.

मालक अमेरिकन, जहाजाच्या मागच्या बाजूला नोंदणीचं बंदर लिहिलेलं जेनोवा, म्हणजे झेंडा इटलीचा. आत मात्र अस्सल जर्मनी. सूचना जर्मनमधून, विनोद जर्मनमधून, न्याहारीला जर्मन पाव, मोठ्या पडद्यावर तिथल्या फुटबॉल लीगचे सामने. बाहेर कॅनरी बेटं असोत की दुबई. आपण हसू नये. केसरी नाहीतर वीणा वर्ल्डबरोबर स्वित्झर्लंडला जाऊन रात्री वरणभातावर ताव मारणारे आपण त्याच जातकुळीतले. परदेश बघायचा असतो. परकं मात्र व्हायचं नसतं.

हा मोकळेपणा उभा आहे तो कर्मचाऱ्यांच्या खांद्यावर. प्रवाशानं स्वतः वाढून घेतलं, तरी भांडं रिकामं होण्याआधी भरणारा कुणीतरी असतोच. फिलिपिन्सचा, इंडोनेशियाचा, आपल्याकडचा. गोव्यात सासष्टी-बारदेशातल्या किती घरांत ‘मुलगा बोटीवर असतो’ हे वाक्य ऐकू येतं! जगातल्या कुठल्या ना कुठल्या प्रवासी जहाजावर तो असतो. महिनोन्‌महिने, आठवड्याची सुट्टी न घेता. जर्मन जहाजावर नेमणूक झाली, तर कामापुरती जर्मनही शिकावी लागते. टाय सुटला तो प्रवाशाचा. याचा गणवेश कडक इस्त्रीचाच.

आणि गंमत बघा. आता या जहाजांवर जादा पैसे मोजून जेवायची खास दालनं निघाली आहेत. तिथे पांढरी टेबलं असतात, वाढपी खुर्ची मागे ओढून देतो. २००९ मध्ये उतरलेल्या ‘माइन शिफ’ या प्रतिस्पर्धी ताफ्यानं तर मुख्य जेवणालाच पुन्हा वाढपी आणले, आणि टायची सक्ती नसेल तर ते जर्मनांना आवडतंही. दोन्ही ताफे जोरात चालले आहेत. पहिलं ‘आइडा’ मात्र २०२१ मध्ये विकलं गेलं. नव्या नावानं ते आता काळ्या समुद्रात फिरतं, सोची बंदरातून रशियन प्रवासी घेऊन.