बालकर्करोग : रुग्णालयाच्या दारापलीकडील लढा

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कर्करोग म्हटले की सामान्यतः प्रौढ वयातील रुग्ण, तंबाखूचे व्यसन आणि बदललेली जीवनशैली यांचा विचार मनात येतो. बालकांनाही हा आजार होतो, याची जाणीव समाजात अद्याप पुरेशी रुजलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलामुलींना कर्करोग होतो. भारतात ही संख्या ५० हजारांहून अधिक आहे. देशातील एकूण कर्करुग्णांच्या तुलनेत हे प्रमाण अल्प असल्यामुळे धोरणांच्या चर्चेत या प्रश्नाला फारसे स्थान मिळत नाही. रक्ताचा कर्करोग, मेंदूतील गाठी, लसिका ग्रंथींचे कर्करोग, मूत्रपिंडातील विल्म्स ट्यूमर आणि डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमा हे बालकांमध्ये आढळणारे प्रमुख प्रकार होत.

प्रौढांचे आणि बालकांचे कर्करोग यांत एक महत्त्वाचा भेद आहे. बालकांचे बहुतेक कर्करोग जीवनशैलीशी निगडित नसतात. त्यामुळे ते टाळण्याचे उपाय मर्यादित आहेत. परंतु हेच कर्करोग औषधोपचारांना उत्तम प्रतिसाद देतात. विकसित देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक बालके बरी होतात, तर अनेक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांपेक्षाही कमी आहे. औषधे बव्हंशी तीच, उपचारांचे शास्त्रही तेच; मग हे अंतर कशामुळे पडते, हा प्रश्न उपस्थित होतो. उशिरा होणारे निदान, चुकीचे निदान, तज्ज्ञ रुग्णालयांपर्यंत पोहोचण्यातील अडथळे, उपचारांचे विषारी दुष्परिणाम, आजाराचे पुन्हा उद्भवणे आणि उपचार मध्येच सोडून देणे ही त्याची कारणे सांगितली जातात. यांपैकी शेवटचे कारण वैद्यकीय कमी आणि सामाजिक व आर्थिक अधिक आहे. आजच्या विवेचनाचा रोख त्यावरच आहे.

उपचार अर्धवट का सुटतात?

उपचारांनी रोग बरा होण्याची शक्यता असताना ते सुरूच न करणे किंवा सलग चार वा अधिक आठवडे उपचारांना न येणे, यास वैद्यकीय परिभाषेत उपचारत्याग असे म्हणतात. वरवर पाहता हा पालकांचा निष्काळजीपणा वाटेल. वस्तुस्थिती तशी नाही.

बालकांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊ. त्याचे उपचार साधारणतः दोन ते तीन वर्षे चालतात. पहिल्या काही महिन्यांत केमोथेरपीची मात्रा तीव्र असते. तथापि या सर्व काळात मूल रुग्णालयात दाखल नसते. औषध देऊन त्याला त्याच दिवशी घरी सोडले जाते आणि काही दिवसांनी पुन्हा बोलावले जाते. केमोथेरपीमुळे पांढऱ्या रक्तपेशी घटतात व प्रतिकारशक्ती क्षीण होते. अशा अवस्थेत साधा ताप हीसुद्धा आणीबाणी ठरते आणि प्रतिजैविके तातडीने, शक्यतो तासाभरात, द्यावी लागतात. म्हणूनच रुग्णालयापासून जवळ राहणे हा उपचारांचाच एक भाग होय.

ज्या कुटुंबाचे घर मुंबईपासून दीड हजार किलोमीटरवरील बिहारच्या एखाद्या खेड्यात आहे, त्याच्यासाठी ‘घरी सोडणे’ या शब्दांचा अर्थ काय होतो? महानगरात भाड्याची खोली त्याच्या आवाक्याबाहेर असते. परिणामी रुग्णालयाजवळचा पदपथ किंवा उड्डाणपुलाखालची जागा हाच त्याचा निवारा होतो. तेथे उकळलेले पाणी मिळत नाही, स्वच्छ शौचालय नसते, ताजे अन्न शिजवण्याची सोय नसते. धुळीत आणि गर्दीत संसर्ग होतो, पुढचा डोस लांबतो आणि खर्च वाढतो.

दरम्यान वडिलांची मजुरी बुडालेली असते. जमिनीचा तुकडा गहाण पडतो किंवा सावकाराचे दार गाठावे लागते. गावी आजी-आजोबांकडे ठेवलेल्या भावंडांची शाळा सुटते. अशातच पहिल्या काही महिन्यांच्या उपचारांनी मूल हिंडू-फिरू लागते, खाऊ लागते. ते बरे झाले, असा समज होतो आणि कुटुंब परतीची वाट धरते. शरीरात दडून राहिलेला आजार काही काळाने उलटतो, तेव्हा उपचारांची शक्यता पुष्कळच कमी झालेली असते. मुलींच्या बाबतीत परिस्थिती अधिक गंभीर आहे. देशातील रुग्णालयांच्या नोंदींत मुलांच्या तुलनेत मुलींची संख्या लक्षणीयरीत्या कमी आढळते. यातील काही फरक जैविक असला, तरी त्याने सर्व तफावतीचा उलगडा होत नाही. मुलीवर खर्च करावा की नाही, हा निर्णय अनेकदा रुग्णालयात येण्यापूर्वीच घेतला गेलेला असतो.

आठ कुटुंबांपासून सुरुवात

रुग्ण व नातेवाइकांच्या निवाऱ्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. संत गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा तीर्थक्षेत्री धर्मशाळा उभारल्या. पुढे त्याच प्रेरणेने मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही धर्मशाळा चालवली गेली. परंतु केमोथेरपी घेणाऱ्या बालकाची गरज केवळ छपराची नसते. सामायिक दालनातील गर्दी त्याला अपायकारक ठरू शकते. संसर्गमुक्त जागा, पोषक आहार आणि कुटुंबाला मानसिक आधार अशा एकात्मिक व्यवस्थेची त्याला आवश्यकता असते.

ही गरज ओळखून श्यामा आणि निहाल कविरत्ने या दांपत्याने २००६ मध्ये मुंबईत सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स या संस्थेची स्थापना केली. पहिल्या केंद्रात केवळ आठ कुटुंबांची सोय होती. संस्थेची कार्यपद्धती अभ्यासण्यासारखी आहे. दुसऱ्या शहरातून वा खेड्यातून आलेल्या गरजू कुटुंबाला, म्हणजे आजारी मूल व त्याच्या आईवडिलांना, स्वतःची स्वतंत्र राहण्याची जागा विनामूल्य मिळते. स्वयंपाकघर सामायिक असते. मात्र प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा ओटा, भांडी आणि शिधा दिला जातो. रुग्णालयात जाण्या-येण्यासाठी वाहनाची सोय असते. मुलांचा अभ्यास, खेळ आणि पालकांचे समुपदेशन यांचीही व्यवस्था असते. स्वच्छतेचे नियम कटाक्षाने पाळले जातात.

यातील स्वयंपाकाची योजना वरकरणी क्षुल्लक वाटेल. पण तिचा अर्थ खोल आहे. तयार जेवण वाटणे संस्थेला सोपे गेले असते. परंतु ओडिशाच्या, आसामच्या वा विदर्भाच्या आईने स्वतःच्या हातांनी आपल्या चवीचे अन्न रांधले, तर तोंडाची चव गेलेले मूल चार घास अधिक खाते आणि कुटुंबाचा स्वाभिमानही टिकून राहतो. एकाच छताखाली राहणारी कुटुंबे परस्परांना धीर देतात. उपचारांच्या अखेरच्या टप्प्यावरील मूल डोळ्यांसमोर वावरताना दिसते, तेव्हा नव्याने आलेल्या आईला डॉक्टरांच्या शब्दांवर विश्वास ठेवणे सोपे जाते.

कालांतराने या कार्याचा विस्तार कोलकाता, दिल्ली, हैदराबाद, चेन्नई, वेल्लोर, जयपूर, गुवाहाटी आदी शहरांत झाला. मुंबईतील कॉटन ग्रीन भागात पोर्ट ट्रस्टच्या वापरात नसलेल्या इमारती टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने या कामासाठी उपयोगात आणल्या गेल्या. सार्वजनिक मालमत्ता, सार्वजनिक रुग्णालय आणि स्वयंसेवी व्यवस्थापन यांचा हा संगम सहकार्याचे उत्तम उदाहरण म्हणून सांगता येईल.

इतर संस्थांनी या कार्याची वेगवेगळी अंगे सांभाळली आहेत. २००४ मध्ये पूनम बगाई यांनी स्थापन केलेली कॅनकिड्स ही संस्था कुटुंबांना औषधोपचारांपासून समुपदेशनापर्यंत साहाय्य करते, तर २०१३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या कडल्स फाउंडेशनने बालकांच्या पोषणावर लक्ष केंद्रित केले. कुपोषित बालकाला केमोथेरपीची पूर्ण मात्रा सोसत नाही आणि संसर्गाचा धोकाही वाढतो. त्यामुळे आहारतज्ज्ञाचे काम औषधाइतकेच मोलाचे ठरते.

अशा आधाराचा परिणाम मोजता येतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २००९ मध्ये बालरुग्णांमधील उपचार नाकारण्याचे व सोडण्याचे प्रमाण सुमारे २० टक्के होते. निवास, आहार, आर्थिक साहाय्य, समुपदेशन आणि न आलेल्या प्रत्येक मुलाचा पाठपुरावा यांची सांगड घातल्यानंतर काही वर्षांत ते एक-आकडी टक्केवारीवर आले. नवे औषध न शोधताही बालकांचे प्राण वाचू शकतात, हे यावरून स्पष्ट होते.

शासकीय योजनांची चौकट

शासनाने या क्षेत्रात टप्प्याटप्प्याने पावले उचलली आहेत. १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा न्यासाने स्थापन केलेले टाटा स्मारक रुग्णालय १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. १९७५-७६ मध्ये राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कार्यक्रम हाती घेण्यात आला आणि १९८१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू केला. २०१२ मध्ये राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडच्या माध्यमातून देशभरातील रुग्णालयांचे जाळे उभे राहू लागले.

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथून आरंभ झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण मिळते. रेल्वेने उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णास शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत भाड्याची पूर्ण सवलत, तर त्याच्या सोबत्यास ७५ टक्के सवलत दिली आहे.

या योजनांमुळे उपचारांच्या खर्चाचा मोठा भार हलका झाला आहे. परंतु विम्याची रचना मुख्यत्वे रुग्णालयाच्या देयकाभोवती केलेली असते. जन आरोग्य योजनेत दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि नंतरचे १५ दिवस यांच्या औषधांचा व तपासण्यांचा समावेश होतो, केमोथेरपीच्या आवर्तनांचाही होतो. मात्र दोन आवर्तनांच्या मध्ये कुटुंबाने कोठे राहावे, काय खावे आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई कशी करावी, याचे उत्तर तीत नाही. हीच पोकळी लहान स्वयंसेवी संस्था भरून काढतात.

बळ आणि मर्यादा

लहान संस्थेचे बळ तिच्या जवळिकीत असते. प्रत्येक मूल तिला नावाने ठाऊक असते. ते ठरलेल्या दिवशी आले नाही, तर त्याच सायंकाळी दूरध्वनी जातो. नियमांत न बसणारी पण निकडीची गरज तिला तत्काळ भागवता येते. उपचारांनी गुण येणार नाही असे निश्चित झाले, तरी वेदनाशमन आणि कुटुंबाची सोबत यांची आवश्यकता संपत नाही. तेथेही अशा संस्था उभ्या राहतात.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. या संस्था प्रामुख्याने महानगरांतील मोठ्या रुग्णालयांभोवती एकवटल्या आहेत. त्यांचा निधी देणग्यांवर आणि कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ अन्वये येणाऱ्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या रकमेवर अवलंबून असतो आणि तो दरवर्षी तेवढाच मिळेल, याची शाश्वती नसते. इमारतीसाठी देणगीदार मिळतो. समुपदेशकाच्या वेतनासाठी तो शोधावा लागतो. मुख्य म्हणजे, या संस्थांच्या दारापर्यंत पोहोचतात ती निदान झालेली मुले. ज्यांचे निदानच होत नाही, ती मुले कोणत्याही संस्थेच्या नोंदवहीत येत नाहीत. त्यामुळे स्वयंसेवी कार्य हे शासनाच्या जबाबदारीला पूरक आहे, पर्याय नव्हे, हे विसरून चालणार नाही.

भावी प्रशासकांसाठी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बालकर्करोगविषयक जागतिक उपक्रम सुरू केला. २०३० पर्यंत जगभरातील किमान ६० टक्के बालरुग्ण वाचवणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. हे उद्दिष्ट गाठण्याचे पुष्कळसे काम महानगरातील रुग्णालयात नव्हे, तर तालुक्याच्या पातळीवर व्हायचे आहे.

लांबलेला ताप, फिकटपणा, अंगावरील निळसर डाग, पोटातील गाठ, बुबुळातील पांढरी चमक ही लक्षणे अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती आणि शिक्षक यांना ओळखता आली, तर निदानातील मौल्यवान आठवडे वाचतील. हा आजार संसर्गजन्य नाही, हे गावाला समजले, तर बरे झालेले मूल शाळेत पुन्हा सन्मानाने बसेल. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्था २०२२ पर्यंत सर्व राज्यांत लागू झाली. तिच्यामुळे पात्र कुटुंबाला उपचारांच्या शहरात आपल्या वाट्याचे धान्य उचलता येते. मात्र ही माहिती त्याच्यापर्यंत पोहोचवावी लागते.

योजनेचा लाभ अखेर कागदपत्रांवर अवलंबून असतो. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिकेतील नावाची दुरुस्ती, आधार कार्डावरील जन्मतारीख यांपैकी एखाद्या बाबीसाठी वडिलांना रुग्णालय सोडून गावी परतावे लागते. कार्यालयात आठवड्यामागून आठवडा जातो आणि उपचार खंडित होतात. फाइलवर विलंबाची नोंद होते. त्या विलंबाने मुलाच्या आजाराला किती अवधी मिळाला, याची नोंद कोठेच होत नाही. उद्या आपल्यापैकी काही जण याच कार्यालयांत निर्णयाच्या जागी बसतील. असा अर्ज समोर आल्यावर त्याच दिवशी त्यावर स्वाक्षरी करणे, हेही त्या बालकाच्या उपचारांत दिलेले योगदानच ठरेल.