सोबती, स्पर्धा आणि विजय



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी आयुष्यभर मुलांना मैदानावर घडविले. त्यांच्या स्मृतीला साजेल असा विषय म्हणून मी एका खेळाडूची कारकीर्द आपणापुढे ठेवणार आहे. खेळाडू दूरदेशीचा, आणि त्याचा खेळही आपल्यापैकी बहुतेकांनी प्रत्यक्ष न पाहिलेला. अमेरिकन फुटबॉलमधील टॉम ब्रॅडी हे त्याचे नाव. २००० ते २०२२ अशा तेवीस हंगामांत त्याने सात वेळा सुपर बोल, म्हणजे तेथील व्यावसायिक अजिंक्यपद, जिंकले. मात्र विक्रमांची जंत्री वाचण्यासाठी मी उभा नाही. सोबती, स्पर्धा आणि विजय यांचे परस्परांशी नाते काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. याला फुटबॉल म्हणत असले तरी चेंडू लंबगोल असतो आणि तो बहुतांशी हातांनीच खेळला जातो. प्रत्येक बाजूला अकरा गडी. चढाई करणाऱ्या संघाचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. कोणती चाल खेळावयाची हे तो सोबत्यांना सांगतो, चेंडू हाती घेतो आणि दोन-तीन सेकंदांत तो कोणाकडे फेकावयाचा हे ठरवितो. तेवढ्यात त्याला लोळविण्यासाठी प्रतिस्पर्धी धावून येतात. त्यांना थोपवून धरण्याचे काम पुढे उभ्या असलेल्या पाच धिप्पाड गड्यांचे. त्यांची नावे प्रेक्षकांच्या ओठी क्वचितच येतात. पण त्यांनी क्षणभर ढिलाई केली, तर नामवंत क्वार्टरबॅकही आडवा होतो. आपल्या खो-खोत पाठीमागून खो मिळाल्यावाचून बसलेल्या गड्याला उठता येत नाही. तसेच हे परावलंबन आहे, आणि त्यात कमीपणा नाही.

आता स्पर्धेकडे वळू. २००० साली नवोदित खेळाडूंच्या निवडीत ब्रॅडीचा क्रमांक लागला १९९ वा. न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाने त्याला घेतले खरे, परंतु पहिल्या हंगामात त्याने अवघ्या तीन फेकी केल्या. संघाचा मुख्य क्वार्टरबॅक होता ड्र्यू ब्लेडसो. १९९३ च्या निवडीत सर्वप्रथम पुकारले गेलेले नाव त्याचेच. मार्च २००१ मध्ये त्याच्याशी दहा वर्षांचा, दहा कोटी तीस लाख डॉलरचा करार झाला होता. मात्र त्याच वर्षी २३ सप्टेंबरला एका जबर टकरीत त्याच्या छातीत रक्तस्राव झाला आणि जिवावर बेतले. त्याच्या जागी ब्रॅडी उभा राहिला. काही आठवड्यांनी ब्लेडसो बरा होऊन परतला, तेव्हा प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी ब्रॅडीलाच कायम ठेवले.

श्रोतेहो, क्षणभर ब्लेडसोच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. अपराध काही नाही. कर्तृत्व कमी नाही. तरी जागा गेली, तीही आपल्यापेक्षा धाकट्या, कालपर्यंत अनोळखी असलेल्या मुलाकडे. त्याने आपली नाराजी लपविली नाही. तथापि तो संघापासून दुरावला नाही. ब्रॅडीच्या पाठीशी उभा राहिला. पुढे २७ जानेवारी २००२ रोजी पिट्सबर्गच्या संघाविरुद्ध उपान्त्य सामन्यात ब्रॅडीचाच पाय दुखावला आणि ब्लेडसोला मैदानात बोलावणे आले. त्याने विजयाला हातभार लावणारी फेक केली आणि पेट्रियट्सनी सामना २४-१७ असा जिंकला. तो मनाने रुसून बसला असता, तर ब्रॅडीचे पहिले अजिंक्यपद तेथेच हुकले असते.

अंतिम सामन्यात पुन्हा ब्रॅडी खेळला. प्रतिस्पर्धी सेंट लुईसचा बलाढ्य संघ. सामन्यापूर्वी खेळाडूंना एकेकाचे नाव पुकारून मैदानात आणण्याची प्रथा होती. पेट्रियट्सचे सर्व गडी मात्र एकत्र बाहेर आले. अखेरीस १७-१७ अशी बरोबरी असताना ८१ सेकंद उरले होते. ब्रॅडीने संघाला टप्प्याटप्प्याने पुढे नेले आणि ॲडम विनाटिएरीने ४८ यार्डांवरून चेंडू खांबांमधून पार केला. निर्णायक गुण ब्रॅडीच्या हातून नव्हे, सोबत्याच्या पायाने मिळाले. त्यानंतर एप्रिलमध्ये ब्लेडसोला दुसऱ्या संघात जावे लागले. सत्कर्माचे फळ पदरात पडतेच असे नाही. म्हणूनच त्याची थोरवी अधिक.

सोबत्याची खरी पारख पराभवात होते. २०१२ च्या अंतिम सामन्यात वेस वेल्करच्या हातून मोक्याच्या क्षणी चेंडू निसटला आणि पेट्रियट्स २१-१७ असे हरले. ब्रॅडीने त्याला दोष दिला नाही. यापुढेही आपण त्याच्याकडे चेंडू फेकत राहू, असेच त्याने बोलून दाखविले. २०१५ च्या विजयानंतर सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून मिळालेली मोटारगाडी त्याने माल्कम बटलरला देऊ केली. कारण अखेरच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याची फेक झेलून सामना वाचविला होता तो बटलरने.

या खेळाडूची केवळ आरतीच ओवाळावी, असे मात्र नाही. चेंडूंतील हवा कमी केल्याच्या प्रकरणात २०१६ च्या हंगामाच्या प्रारंभी त्याला चार सामने बाहेर बसावे लागले. आरोप त्याने नाकारला होता. विजयाची तहान माणसाला संशयाच्या सावलीत नेऊ शकते, हेही ध्यानी ठेवावे. ती तहान विजयाने भागते काय? २००५ साली तीन अजिंक्यपदे गाठीशी असताना एका मुलाखतीत तो म्हणाला, की याहून मोठे काही असले पाहिजे असे मला अजूनही वाटते. ते काय, असे विचारता त्याच्यापाशी उत्तर नव्हते.

मला वाटते, त्या उत्तराचा काही अंश ब्लेडसोपाशी होता. विद्यार्थिमित्रांनो, पहिला क्रमांक एकालाच मिळतो. माजी विद्यार्थ्यांना तर ठाऊकच आहे, की कचेरीत, धंद्यात, घरातसुद्धा एक दिवस आपली खुर्ची धाकट्याकडे जाते. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला ब्रॅडीची नव्हे, तर ब्लेडसोची भूमिका येते. तेव्हा आपण संघाचे राहतो की केवळ खुर्चीचे, यावर आपली परीक्षा ठरते. जिंकणे नेहमी आपल्या हाती नसते. सोबती म्हणून उभे राहणे मात्र असते. गुरुजींनी मैदानावर हेच शिकविले असावे, असे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आजच्या या मेळाव्याकडे पाहून वाटते.