वाय-फाय अडतं कुठे?

आकाशवाणी सांगलीच्या १२५१ किलोहर्ट्झ लहरीची लांबी सुमारे २४० मीटर. घरातल्या २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायची जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. म्हणूनच साताऱ्याच्या जुन्या वाड्यात रेडिओ माजघरातही ऐकू येतो, पण ओसरीवरच्या राउटरची रेंज काळ्या दगडाच्या जाड भिंतीपलीकडे पार गळून जाते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, मात्र भिंतीपुढे ते आणखी लवकर हरतं.

तक्रार नोंदवण्याआधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून पाहावा. तिथेही नेट तुटत असेल, तर दोष बहुधा बाहेरच्या लाइनचा. फायबरच्या मोडेमवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल, तर प्रकाशाचा सिग्नलच पोहोचत नाही, वायर तुटली किंवा दुमडली असावी. पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करून काही होत नाही.

केबलवर सगळं सुरळीत? मग दोष घरातल्या हवेत. राउटर टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटात कोंबलेला असतो. तो घराच्या मध्याशी, उंचावर, उघडा ठेवावा. मायक्रोवेव्हपासून लांबच, कारण तोही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो.

सांगलीत विश्रामबागच्या अपार्टमेंटमध्ये अडचण शेजारच्या राउटरांची. सेटिंगमध्ये १, ६, ११ यांपैकी मोकळा चॅनेल निवडावा; हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. दगडी वाड्यात मात्र खात्रीचा उपाय म्हणजे आतल्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथे दुसरा राउटर बसवणं.