पुण्यात बसून समुद्राचं काम

पुण्यात समुद्र नाही, मग सागरी संग्रहालयासाठी आपण काय करणार? पुष्कळ काही.

१९७१च्या युद्धात गाजलेली ‘विक्रांत’ २००१पासून मुंबईत संग्रहालय होती. शाळांच्या सहली तिच्यावर जायच्या. डागडुजीचा खर्च पेलेना. २०१२मध्ये ती बंद झाली, २०१४मध्ये भंगारात निघाली. लोखंड गेलं, पण आठवणी घराघरांत आहेत.

नौदलातून, व्यापारी जहाजांवरून निवृत्त झालेली कितीतरी माणसं पुण्यात राहतात. आपल्या सोसायटीतल्या अशा आजोबांकडे जा. आजींनाही विचारा, ‘ते महिनोन्‌महिने बोटीवर असताना घर कसं चालवलंत?’ हाही सागरी इतिहासच. त्यांची परवानगी घेऊन बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं नाव, साल, जहाज लिहा. पेनची शाई पुढे उमटते. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच.

मग संग्रहालयाला कळवा. मुंबईची मेरिटाइम हिस्टरी सोसायटी १९७८पासून हा इतिहास जपते आहे.

दिवाळीची साफसफाई काढाल, तेव्हा ती जुनी ट्रंक रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा. आणि आजोबांकडे मात्र याच रविवारी जा.