आधी वर बघा

कपडे बदलायच्या खोलीत आरशामागे कॅमेरा लपवलाय का, हे कळायला आरशाला नख टेकवून बघा, असं सांगतात. पण काचेच्या कोणत्या बाजूला मुलामा आहे, एवढंच नख सांगतं. एप्रिल 2015 मध्ये गोव्यात कांदोळीच्या एका दुकानात तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांना खटकलेला कॅमेरा आरशामागे नव्हता. तो बाहेर होता आणि त्याचा रोख खोलीकडे आहे, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून आधी वर बघा: झरोका, पडद्याच्या दांडीवरची मोकळी जागा. मग अंधार करून, बॅटरी डोळ्यांजवळ धरून उजेड सावकाश फिरवा; भिंग असेल तर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका चमकतो.

कॅमेरा चोरी रोखण्यासाठी आहे, असं दुकानदार म्हणेल. खरं आहे, पण चोर दारातून जातो. कॅमेऱ्याचं तोंड दाराकडेच हवं. खोडाळ्यासारख्या गावच्या बाजारात पडद्याआड झंपर घालून बघणाऱ्या बाईनं, आश्रमशाळेच्या न्हाणीघरातल्या मुलीनं कायम संशयात का राहावं, हा आक्षेप मात्र मला पटतो. म्हणून ही तपासणी दुकानदारानं आणि आश्रमशाळेच्या अधीक्षिकेनं नेमानं करायची. भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 प्रमाणे बाईचं असं चोरून चित्रण केल्यास पहिल्याच गुन्ह्याला 1 ते 3 वर्षं कैद आहे. काही सापडलं तर हात न लावता बाहेर या आणि 112 लावा.